सोरोयाची सावली

स्पेनमध्यें बैलझुंजीच्या रिंगणाभोंवतीं ज्या बैठका असतात त्यांचे दर सूर्यावरून ठरतात. उन्हांतील बैठक स्वस्त, सावलींतील महाग. आणि जेथें आरंभीं ऊन असून झुंज रंगांत येतां येतां सावली सरकत येते त्या बैठकीचा दर ह्या दोहोंच्या मधला. 'सोल' म्हणजे ऊन आणि 'सोम्ब्रा' म्हणजे सावली, असे तिकिटांचे वर्गच ठरलेले आहेत. ज्या देशांत सावलीची अशी रोख किंमत मोजतात, त्या देशाच्या सर्वांत प्रसिद्ध समुद्रचित्रकाराची कीर्ति केवळ उन्हाबद्दल व्हावी, ही गोष्ट मला नेहमींच चमत्कारिक वाटत आली आहे. होआकीन सोरोया (१८६३–१९२३) ह्याचें नांव निघालें कीं 'सूर्यप्रकाशाचा चित्रकार' हें बिरुद त्याच्या मागोमाग येतें. (आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांच्या वळणानें 'सोरोला' म्हणण्याचा प्रघात आहे, स्पॅनिश उच्चार 'सोरोया'च्या जवळचा.) ह्या बिरुदानें त्याचें हित थोडें झालें व अहित पुष्कळ. ज्याला त्याच्या चित्रांत नुसतें ऊन दिसतें त्याला हा चित्रकार सुखवस्तु, हंसतमुख आणि उथळ वाटतो. आणि असें वाटणारांत स्पेनमधील मोठमोठे विचारवंत होते. ह्या आरोपाचा न्यायानें विचार करावयाचा तर त्याच्या उन्हापेक्षां त्याच्या सावल्यांकडे अधिक बारकाईनें पाहिलें पाहिजे, असें माझें म्हणणें आहे.

प्रथम एक साधी गोष्ट. रंगाच्या नळींत सूर्य नसतो. तींत फार तर पांढरा रंग असतो, आणि भिंतीवर टांगलेल्या चित्रांतील तो पांढरा रंग त्याच खोलींतल्या कोऱ्या कागदाहून फारसा उजळ दिसत नाहीं. भर दुपारीं समुद्रकांठच्या वाळूवर जें तेज असतें त्याच्या शतांशानेंही तो तळपूं शकत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स ह्यानें दृष्टिविज्ञान व चित्रकला ह्यांवरील आपल्या व्याख्यानांत हा मुद्दा फार चांगल्या रीतीनें मांडला आहे. चित्रकाराला निसर्गाच्या तेजाची नक्कल करतां येत नाहीं; निरनिराळ्या तेजांमध्यें जें परस्परप्रमाण असतें त्याचें तो आपल्या मर्यादित रंगांत भाषांतर करतो. तेव्हां ऊन दाखवावयाचें तर तें सावलीच्याच साह्यानें दाखवावें लागतें. परंतु सावली काळी केली कीं पुळणीचें तळघर होतें. उघड्यावरच्या सावलींत सूर्य पोंचत नसला तरी वरून निळें आकाश पोंचतें, आणि खालून तापलेल्या वाळूचा पिंवळसर उजेड उसळून येतो. म्हणून कोळिणीच्या हनुवटीखालची सावली नारिंगी असते आणि तिच्या पाठीवरची जांभळट. दांडीवर वाळत घातलेल्या धोतराची सावलींतील बाजू निळसर दिसते हें आपल्यांतील प्रत्येकानें पाहिलेलें आहे. पण धोतर पांढरें, ही समजूत डोळ्यांपेक्षां बलवत्तर असल्यामुळें तें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

जांभळ्या सावलीचा शोध सोरोयानें लावला असें मात्र कोणी समजूं नये. पॅरिसमध्यें मोने व त्याच्या सोबत्यांनीं १८७४ सालीं आपलें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें तेव्हां सोरोया अकरा वर्षांचा होता. कॅडमियमचा पिंवळा, कोबाल्टचा जांभळा अशीं नवीं रंगद्रव्येंही एकोणिसाव्या शतकानें सर्वांसाठींच आणलीं. भेद आहे तो निराळाच. फ्रेंच मंडळींच्या हातीं वस्तु प्रकाशांत विरघळूं लागते. सोरोयाच्या चित्रांतील बैल मात्र बैलच राहतो, त्याच्या खुरांखालीं वाळू दबते, ओल्या शिडाला वजन असतें.

हें वजन त्याला आपल्या घरच्या परंपरेकडून मिळालें. व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेस खातिवा नांवाचें गांव आहे. रिबेरा हा चित्रकार तेथें १५९१ सालीं जन्मला. त्याचे वृद्ध संत आणि हुतात्मे काळोखांतून निम्मेच बाहेर आलेले असतात. उरलेलें अंग अंधारानें गिळलेलें. झुर्बारानच्या शुभ्रवस्त्र संन्याशांमागेंही तोच गडद पडदा आहे. ह्या जुन्या चित्रकलेंत सावली म्हणजे मृत्यूचें, पापाचें, निदान ईश्वरापुढील मौनाचें स्थान. तिच्यामुळें दुसरी वस्तु उजळते, पण तिच्या स्वतःजवळ दाखविण्यासारखें कांहीं नसतें. रिबेराच्याच प्रांतांतील एका मुलानें दोन-अडीच शतकांनंतर ह्या सावलीला रंग दिला, ही घटना मला स्पेनच्या कलेच्या इतिहासांत लहान वाटत नाहीं.

त्या मुलाचें बालपण सुखांत गेलें होतें, म्हणून त्याला ऊन सुचलें, असेंही नाहीं. तो दोन वर्षांचा असतांना, बहुधा पटकीच्या सांथींत, आईबाप दोघेही वारले. मावशीनें व कुलपें करणाऱ्या तिच्या नवऱ्यानें त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला वाढविलें. पुढें त्यानें माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत वेलास्केथच्या चित्रांच्या नकला केल्या, व्हॅलेन्सियांतील आंतोनियो गार्थिया ह्या छायाचित्रकाराच्या हाताखालीं काम केलें, आणि १८८८ सालीं त्याच्याच मुलीशीं, क्लोतिल्देशीं, विवाह केला. छायाचित्र ह्या आपल्या शब्दांत छाया आधीं येते, हें येथें सहज आठवतें.

१८९४ सालीं त्यानें दोन मोठीं चित्रें केलीं. पहिलें 'मासेमारीहून परत': बैलांच्या जोरावर किनाऱ्याकडे ओढली जाणारी नाव, वाऱ्यानें फुगलेलें प्रचंड शीड, पाण्यांत उभे असलेले कोळी. पॅरिसच्या १८९५ च्या प्रदर्शनांत ह्या चित्राला सुवर्णपदक मिळालें व फ्रेंच सरकारनें तें विकत घेतलें; तें आतां ऑर्से संग्रहालयांत आहे. दुसऱ्याचें शीर्षक 'आणि तरी म्हणतात मासळी महाग!' असें असून तें प्रादोमध्यें आहे. नावेच्या पोटांत दोन वयस्क कोळी एका जखमी तरुणाला सांवरून धरीत आहेत. सोरोयाचा मित्र व व्हॅलेन्सियाचाच कादंबरीकार ब्लास्को इबान्येथ ह्याच्या 'फ्लोर दे मायो' (१८९५) ह्या कोळ्यांच्या जीवनावरील कादंबरीच्या शेवटाशीं ह्या शीर्षकाचें नातें आहे. ह्या दुसऱ्या चित्राची करुणा खरी आहे, रेखन निर्दोष आहे. तरीहि मला तें पहिल्याहून कमी वाटतें. त्यांतील सावली अजून रिबेराचीच, तपकिरी आणि कोंदट आहे. दुःख आहे म्हणून अंधार, आणि पहिल्या चित्रांत आनंद आहे म्हणून ऊन, अशी ही सोपी वांटणी झाली. एकाच वर्षांत दोन वेगळ्या खोल्यांत दोन वेगळ्या भावना ठेवाव्या तसें तें आहे.

येथें कोंकणच्या वाचकाला एक सूचना करणें अवश्य आहे. आपला समुद्र पश्चिमेस, म्हणून सूर्य त्यांत मावळतो. व्हॅलेन्सियाचा समुद्र पूर्वेस असून सूर्य त्यांतून उगवतो. सकाळीं तेथें समुद्राकडे तोंड करून उभें राहिलें असतां ऊन समोरून येतें; माणसांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात व त्यांच्या सावल्या पाहणाराच्या पायांकडे धांवतात. दुपार टळल्यावर सूर्य पाठीमागें जमिनीकडे कलतो, पाणी गडद निळें होतें, ओलीं अंगें सोन्यासारखीं उजळतात आणि सावल्या समुद्राच्या दिशेनें लांबत जातात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हाच क्रम उलटा. सोरोयाच्या व्हॅलेन्सियांतील चित्रांत वेळ कोणती हें ओळखावयाचें असेल तर आधीं सावली कोणीकडे पडली आहे तें पहावें. छापील नकलांत हें बहुधा साधतें. साधत नाहीं तो चित्रांचा आकार. 'उतरतें ऊन' (१९०३) हें न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटींतील चित्र चार मीटरांहून अधिक रुंद आहे, आणि पुस्तकाच्या पानावर त्यांतले बैल वासरांएवढेही राहत नाहींत.

'शीड शिवतांना' (१८९६) हें व्हेनिसच्या का' पेसारो संग्रहालयांतील चित्र मी सोरोयाच्या सर्वोत्तम कृतींत धरतों. वेलींनीं छायिलेल्या एका पडवींत भलें मोठें शीड पसरलेलें आहे. त्याच्या दोन्ही कांठांवर बसून कांहीं स्त्रिया व पुरुष तें शिवीत आहेत. दूर टोंकाला दार उघडें असून पलीकडे प्रखर दिवस आहे. चित्र माणसांनीं भरलेलें असलें तरी नजर खिळते ती त्या शिडावर पडलेल्या कवडशांवर. कवडसा हा शब्द मराठींत आहे हें आपलें भाग्यच. इंग्रजींत ह्याच वस्तूसाठीं तीन-चार शब्दांची मोट बांधावी लागते. आतां पांढऱ्या कापडावर पांढरा कवडसा काढावयाचा कसा? उन्हांतला भाग पांढराच ठेवावयाचा आणि सावलींतला भागही पाहणाराला पांढराच वाटला पाहिजे. सोरोयानें सावलींतलें शीड निळें, राखी, फिकट हिरवें, मध्येंच गुलाबी असें रंगविलें आहे. वेलींचा हिरवा उजेड, शेजारच्या लुगड्यासारख्या रंगीत वस्त्रांचा उजेड, सगळें त्या घड्यांत शिरलेलें आहे. आणि इतकें असूनही आपण म्हणतों, किती पांढरें शीड! दोन वर्षांपूर्वींच्या चित्रांत हेंच शीड वारा पिऊन उन्हांत ताठ उभें होतें. येथें तें फाटकें-उसवलेलें घरीं येऊन बायकांच्या मांडीवर पडलें आहे. कष्टाची जागा आणि विसाव्याची जागा एकच असते, हें ज्या घरांनीं पाहिलें आहे त्यांना ही पडवी परकी वाटणार नाहीं. सावलीला दुःखाचें सोंग न देतां तिच्यांत माणसांचें जगणें भरतां येतें, हें सोरोया येथें प्रथम शिकला.

पण त्याची खरी परीक्षा व्हावयाची होती ती 'दुःखद वारसा' (१८९९) ह्या चित्रांत. व्हॅलेन्सियाजवळच्या माल्व्हारोसाच्या किनाऱ्यावर सान हुआन दे दिओस ह्या धर्मसंघाच्या आश्रयास असलेलीं पांगळीं व व्याधिग्रस्त मुलें समुद्रस्नानासाठीं आणलेलीं सोरोयाच्या दृष्टीस पडलीं, आणि परवानगी मिळवून त्यानें तें दृश्य रंगविलें. मध्यभागीं कुबड्यांवर भार देऊन चाललेला एक मुलगा, त्याला आधार देणारा काळ्या झग्यांतील धर्मबंधु, भोंवतालीं उघडीं मुलें, पलीकडे गडद निळें पाणी. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत ह्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळालें.

शीर्षकाचा रोख उघड आहे. आईबापांच्या व्यसनांचें व दुराचाराचें फळ हीं मुलें भोगीत आहेत, असें त्याला सांगावयाचें आहे. त्या काळची समजूतही तशीच होती. आज त्या मधल्या मुलाचें पांगळेपण पोलिओचें असावें असें मानतात, आणि पोलिओ हा वारशानें येत नसून विषाणूच्या संसर्गानें होतो हें तर व्हिएन्नांत लांडस्टायनर व पॉपर ह्यांनीं १९०८ सालींच दाखवून दिलें. म्हणजे चित्र पुरें झाल्यावर नऊ वर्षांच्या आंत त्याचें शीर्षक खोटें पडलें. ज्या आईबापांनीं आपलीं लेंकरें अशा आश्रमांत ठेवलीं असतील त्यांच्यावर तो किती क्रूर आळ होता, ह्याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होतें. असें असतां चित्र खोटें कां पडलें नाहीं? माझ्या मतें, शीर्षकांतला आळ चित्रांत कोठेंच नाहीं म्हणून. ह्या मुलांच्या वांकड्या पायांवर पडलेलें ऊन तेंच आहे, जें सोरोया पुढें दहा वर्षें धडधाकट पोरांच्या पाठींवर पाडीत राहिला. त्यांच्या अंगावरच्या सावल्या त्याच निळसर-जांभळ्या आहेत. पांच वर्षांपूर्वीं त्यानें जखमी कोळ्याभोंवतीं अंधार कोंडला होता. ह्या मुलांना त्यानें तो दिला नाहीं. चित्रांत खरा काळा रंग एकच, त्या धर्मबंधूच्या झग्याचा. रिबेराच्या काळ्या रंगानें संतांना गिळलें होतें. येथें तोच रंग एका पोराला हाताशीं धरून पाण्याकडे नेत आहे.

ह्या चित्रानंतर सोरोयानें असले सामाजिक विषय जवळजवळ सोडून दिले, आणि त्याच्यावरील आरोपाचें मूळ येथें आहे. १८९८ सालीं स्पेननें क्यूबा, पोर्तो रिको व फिलिपाइन्स हे देश गमावले. त्या मानहानीनें जाग्या झालेल्या पिढीला गंभीर, कोरडा, कॅस्टिलच्या पठारासारखा कठोर स्पेन पाहिजे होता. तिला तो झुलोआगाच्या (१८७०–१९४५) काळवंडलेल्या चित्रांत सांपडला. उनामुनोसारख्या तत्त्वचिंतकाचा कौल त्याच बाजूला पडला. सोरोयाचा लखलखाट त्याला भूमध्य किनाऱ्यावरच्या इंद्रियसुखाचा वाटला. देश बुडाला असतां हा मनुष्य पोरांचीं स्नानें रंगवीत बसतो!

हा आक्षेप मी अगदींच टाकून देत नाहीं. १९०६ सालीं बियारित्झला काढलेलीं व त्यापुढील उन्हाळ्यांत उत्तरेकडील श्रीमंत किनाऱ्यांवर काढलेलीं कित्येक चित्रें खरोखरच पातळ आहेत. 'क्षणचित्र' (१९०६) मध्यें पांढऱ्या पोशाखांतील क्लोतिल्दे हातांत छोटा कॅमेरा घेऊन वाळूवर बसली आहे; चित्र गोड आहे, हाताची सफाई विलक्षण आहे, आणि घटकाभरानें त्यांतलें कांहीं आठवत नाहीं. अशा ठिकाणीं सावली हा नुसता अलंकार होतो. परंतु ह्यावरून आपल्याकडील फडके-खांडेकरांच्या नांवानें गाजलेला 'कलेकरितां कला कीं जीवनाकरितां कला' हा वाद येथें आणून १८९९ चें चित्र एका पारड्यांत व नंतरचीं सर्व दुसऱ्या पारड्यांत टाकण्याचा मोह कोणास होईल, तर तो आवरावा. विषय दुःखद होता म्हणून 'दुःखद वारसा' मोठें झालें नाहीं, हें वर दिसलेंच आहे.

१९०८ मध्यें लंडनच्या ग्राफ्टन गॅलरींत भरलेल्या प्रदर्शनाच्या वेळीं 'जगांतील सर्वश्रेष्ठ हयात चित्रकार' अशी त्याची जाहिरात झाली. पुढल्या वर्षीं न्यूयॉर्कला एका महिन्यांत सुमारें १ लाख ६० हजार लोक त्याचीं चित्रें पाहून गेले. इतक्या यशानें मनुष्य बिघडावयाचा. तो मात्र त्याच उन्हाळ्यांत व्हॅलेन्सियाला परतला आणि 'समुद्रकांठची फेरी' (१९०९) हें चित्र त्यानें काढलें. क्लोतिल्दे आणि थोरली मुलगी मारिया किनाऱ्यानें चालल्या आहेत. पांढरे झगे वाऱ्यानें फडफडत आहेत, क्लोतिल्देजवळ छत्री आहे. वरवर पाहणाराला ही सुखी कुटुंबाची सहल वाटेल. मारिया दोन-तीन वर्षांपूर्वीं क्षयानें आजारी होती, आणि त्या काळीं क्षयाचें निदान म्हणजे अर्धी तिरडी बांधलेली असे, हें लक्षांत घेतल्यावर तिच्या चालण्याकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते. ह्या चित्रांत आकाशाची बोटभर पट्टीही नाहीं. चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत वाळू आणि पाणीच. पण आकाश तेथें नाहीं असें कोण म्हणेल? त्या दोघींच्या झग्यांवर जेथें जेथें सावली पडली आहे तेथें तें निळें-जांभळें होऊन उतरलें आहे.

पुढल्या वर्षींचें 'पुळणीवरचे मुलगे' (१९१०, प्रादो) ह्याच्या शेजारीं ठेवून पहावें. तीन नागडे पोरगे ओल्या वाळूंत, उथळ पाण्यांत पालथे पसरले आहेत. येथेंही क्षितिज नाहीं. छत्री म्हणजे विकत घेऊन बरोबर नेतां येणारी सावली. ती ह्या पोरांजवळ नाहीं, टोपी नाहीं, अंगावर चिंधी नाहीं. त्यांची सावली ज्याची त्याच्या अंगाला चिकटलेली. आणि तिच्यांतच सोरोयानें आपल्या हयातींतलें सर्वांत अवघड काम करून ठेवलें आहे. ओल्या वाळूवर सावली आणि प्रतिबिंब हीं दोन्ही पडतात. सावली कोठें पडावी हें सूर्य ठरवितो, प्रतिबिंब कोठें दिसावें हें पाहणारा कोठें उभा आहे त्यावर ठरतें. आणि दोन्ही एकमेकांत मिसळलीं म्हणजे भल्याभल्यांच्या हातून चिखल होतो. येथें तपकिरी, जांभळे, निळे असे रुंद फटकारे मारून मोकळा झालेला चित्रकार दिसतो, आणि त्या फटकाऱ्यांतून पाण्याचा पातळ थर, त्याखालची घट्ट वाळू व वरचें उष्ण अंग हीं तिन्ही वेगळीं ओळखूं येतात. हीं पोरें सुखी आहेत हें सांगण्यासाठीं त्यानें त्यांना हंसविलेलें नाहीं.

हिस्पॅनिक सोसायटीसाठीं आर्चर हंटिंग्टन ह्यानें १९११ मध्यें सोंपविलेल्या आणि १९१२ ते १९१९ पर्यंत चाललेल्या चौदा भव्य चित्रांबद्दल मला फारसें लिहावयाचें नाहीं. स्पेनच्या निरनिराळ्या प्रांतांतील पोशाख, उत्सव, मिरवणुका ह्यांचा तो अजब पसारा पाहतां पाहतां थकवा येतो, आणि त्या कामानें चित्रकारही थकला. शेवटचें तेवढें अपवाद. आयामोंते येथील टुना माशांच्या बाजाराचें हें चित्र. पुढल्या भागांत कनातीची सावली, तींत रुपेरी-निळे मासे ओळीनें पडलेले, आणि मागें उन्हांत झगमगणारें पाणी. प्रांतांची यादी विसरून तो येथें पुन्हां कनातीखालच्या उजेडाकडे वळला, आणि चित्र जिवंत झालें. मध्यंतरीं सवड काढून व्हॅलेन्सियाला केलेलें 'गुलाबी झगा' (१९१६) तर ह्या सगळ्या पसाऱ्याहून मोलाचें आहे. स्नान करून आलेल्या दोन स्त्रिया, बोरूच्या तट्ट्यांचा आडोसा, फटींतून गाळून आलेलें ऊन आणि अंगाला चिकटलेलें ओलें वस्त्र: वीस वर्षांपूर्वींचे शिडावरचे कवडसे आतां माणसाच्या देहावर आले आहेत.

अखेरच्या वर्षांत तो आपल्या माद्रिदच्या घराभोंवतालची बाग रंगवीत असे. समुद्र तेथून सुमारें तीनशें किलोमीटर दूर; चित्रांत माणसें क्वचित्, एखादी रिकामी वेताची खुर्ची, कारंजें, फरशीवर पडलेली झाडांची छाया. १९२० च्या जूनमध्यें त्याच बागेंत, लेखक पेरेथ दे आयाला ह्याच्या पत्नीचें व्यक्तिचित्र काढीत असतां त्याला पक्षाघाताचा झटका आला. पुढें तीन वर्षें तो जगला, पण त्याच्या हातून चित्र झालें नाहीं. घर क्लोतिल्देनें राष्ट्राला दिलें व १९३२ सालीं तें संग्रहालय म्हणून उघडण्यांत आलें. तें व्यक्तिचित्र अपुरेंच राहिलें आहे.